केस वाचून झाली, आता लिहायचं काय?

प्रश्न : बावीस पानांची केस (एखाद्या कंपनीपुढच्या पेचाची, अभ्यासाला दिलेली हकिकत) तीनदा वाचते, पानंच्या पानं अधोरेखित करते, तरी सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. परीक्षेत तर तेवढा वेळही नसतो.
— व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी

उत्तर : तीनदा वाचता हे ठीकच आहे. तिन्ही वेळा एकाच पद्धतीने वाचता, तिथे घोटाळा होतो. पहिल्या खेपेला केस नुसती चाळायची : पहिला परिच्छेद, शेवटचा परिच्छेद, उपशीर्षकं आणि एक्झिबिटची, म्हणजे केसला जोडलेल्या तक्त्यांची, शीर्षकं. दहा मिनिटं पुरतात. निर्णय कोणाला आणि कधीपर्यंत घ्यायचाय, हे बहुतेक वेळा पहिल्याच पानावर असतं. मग कंपनीचा इतिहास सुरू होतो आणि शेवटी गाडी पुन्हा त्याच पेचापाशी येते. चाळून झालं की एक वाक्य लिहा : 'अमुक पदावरच्या माणसाला अमुक तारखेपर्यंत या दोन-तीन पर्यायांतून एक निवडायचाय.' हे वाक्य जमलं नाही तर पुढचं वाचन वाया जातं, कारण कशासाठी वाचतोय तेच ठरलेलं नसतं.

दुसऱ्या वाचनाला हातात पेन्सिल हवी. अधोरेखित करू नका, समासात खुणा करा : वस्तुस्थितीला 'व', कुणाच्या मताला 'म'. विक्री व्यवस्थापक म्हणतो, 'ग्राहक किमतीमुळे सोडून चाललेत.' हे 'म'. चौथ्या एक्झिबिटमधल्या तक्रारींच्या तक्त्यात मात्र निम्म्याहून जास्त तक्रारी माल उशिरा पोचल्याच्या आहेत. हे 'व'. दोन्ही जुळत नाहीत, तिथे थांबा; केसची खरी गाठ अनेकदा तिथेच असते. तिसरं वाचन फक्त एक्झिबिटचं, तळटिपांसकट.

तीन तासांच्या पेपरात वाचनाला चाळीस मिनिटं, आकडेमोड आणि पर्यायांना तासभर, लिहायला सव्वा तास. उरलेल्या पाच मिनिटांत बेरजा तपासा.

प्रश्न : स्वॉटचे (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके) चारही रकाने भरून दिले, तर शेरा आला, 'वर्णन आहे, विश्लेषण नाही.' म्हणजे काय?

उत्तर : म्हणजे तुम्ही केसमधलीच वाक्यं चार खणांत लावून ठेवलीत. प्रत्येक मुद्द्यापुढे 'म्हणून?' असं विचारा. 'कंपनीचा ब्रँड जुना आहे.' म्हणून? 'म्हणून मागच्या दोन दरवाढींनंतरही विक्री घटली नाही (एक्झिबिट 2). तिसरी थोडी दरवाढ पेलेल.' आता ते विश्लेषण झालं. जो मुद्दा खोडल्याने तुमची शिफारस जराही बदलत नाही, तो खोडाच.

विश्लेषणाची चौकट प्रश्नाकडे बघून निवडा. मायकेल पोर्टर यांनी 1979 मध्ये मांडलेल्या फाइव्ह फोर्सेस (स्पर्धक, नवे प्रवेशक, पर्यायी वस्तू, ग्राहक आणि पुरवठादार यांचे पाच दबाव) एखाद्या उद्योगात उतरावं का, यासाठी उत्तम आहेत. दोन अधिकाऱ्यांच्या भांडणाच्या केसमध्ये त्या वापरणं म्हणजे कुलपाला चमचा लावणं.

प्रश्न : केसमध्ये आकडे अर्धवट असतात. मग गणित करायचं कसं? आमच्या गटाने गणित टाळून 'दर कमी करून बाजारपेठ वाढवावी' असं लिहिलं. गुण फारच कमी मिळाले.

उत्तर : आकडे अर्धवट असणं हा केसचा दोष नाही, खऱ्या निर्णयातही ते तसेच असतात. तुमच्याच शिफारशीवर गणित करून बघू. (चलन कोणतंही धरा.)

समजा, एका यंत्राची किंमत 2,000 आहे, दर नगाचा बदलता खर्च 1,400 आणि महिन्याला खप 5,000 नग. दर नगामागे कॉन्ट्रिब्यूशन, म्हणजे किमतीतून बदलता खर्च वजा जाता उरणारी रक्कम, 600. महिन्याचं एकूण 30 लाख. स्थिर खर्च 24 लाख, म्हणून नफा 6 लाख.

दर दहा टक्के उतरवला की किंमत 1,800 होते आणि कॉन्ट्रिब्यूशन 400 वर येतं. म्हणजे कपात किमतीत दहा टक्के, पण कॉन्ट्रिब्यूशनमध्ये तेहतीस टक्के. आज मिळतात तेच 30 लाख मिळवायला 7,500 नग खपायला हवेत, आजच्या दीडपट. आता उत्पादनाच्या एक्झिबिटखालची तळटीप बघा : कारखान्याची क्षमता महिना 6,500 नग. बाजारात कितीही मागणी आली तरी जास्तीत जास्त 26 लाख जमतील आणि नफा 6 लाखांवरून 2 लाखांवर येईल. 'बाजारपेठ वाढवावी' ही शिफारस दोन भागाकारांत कोसळली.

इथे थांबू नका. कोणता आकडा बदलला तर निर्णय उलटतो, हे शोधा. केसमध्ये पुरवठादार मोठ्या ऑर्डरवर सवलत देऊ करत असेल आणि बदलता खर्च 1,300 होत असेल, तर कॉन्ट्रिब्यूशन 500 आणि गरज 6,000 नगांची. ते क्षमतेत बसतं. वीस टक्के खपवाढ मात्र मिळवावी लागेल. उलट दर तसाच ठेवून जाहिरातीवर महिना 3 लाख खर्चले, तर 500 जादा नगांत ते वसूल होतात. आता वाद खरा झाला : वीस टक्के वाढ सोपी की दहा?

गृहीतकं लपवू नका. 'स्थिर खर्च बदलत नाही असं धरलं आहे' हे एक वाक्य लिहिलं की परीक्षक तुमच्या गणिताशी वाद घालू शकतो, आणि त्यालाही तेच हवं असतं. सगळ्यात जास्त गुण जातात ते स्थिर खर्च दर नगावर वाटून 'खर्च 1,880' असं लिहिणाऱ्यांचे. तो आकडा 5,000 नगांपुरताच खरा आहे. खप बदलला की तोही बदलतो.

प्रश्न : उत्तर लिहिताना क्रम कोणता ठेवावा?

उत्तर : शिफारस आधी. पहिल्या दोन-तीन ओळींत काय करावं, कधीपासून आणि कशाच्या आधारावर, एवढं सांगून टाका. मग समस्या, नुसती लक्षणं नव्हेत : 'विक्री घटली' हे लक्षण, 'नवं मॉडेल वितरकाला कमी मार्जिन देतं म्हणून तो ते दाखवतच नाही' हे कारण. मग पर्याय, तीनपेक्षा जास्त नकोत. ते सगळे एकाच निकषांवर तपासा आणि नाकारलेला पर्याय का नाकारला तेही लिहा. केस गोषवाऱ्यात पुन्हा सांगू नका, परीक्षकाने ती वाचलेली असते.

अंमलबजावणीवर लोक एक ओळ खरडतात. तिथे पहिल्या तीस दिवसांत कोण काय करेल, पैसा कुठून येईल आणि कोणता आकडा कुठवर घसरला की माघार घ्यायची, हे यायला हवं. 'अधिक संशोधन करावं' ही शिफारस नव्हे, पळवाट आहे. संशोधन हवंच असेल तर कोणती माहिती, किती दिवसांत आणि ती आल्यावर निर्णय कोणत्या बाजूला झुकेल, तेही लिहा.

प्रश्न : कंपनीने पुढे प्रत्यक्षात काय केलं, ते शोधून लिहिलं तर चालेल का?

उत्तर : चर्चेआधी नको. केसवरून शिकवण्याची पद्धत कायद्याच्या वर्गांतून आली. हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये लँगडेल यांनी 1870 पासून न्यायालयाचे निकाल वाचून शिकवायला सुरुवात केली. तिथल्याच बिझनेस स्कूलचे 1919 मध्ये डीन झालेले डोनम स्वतः कायदा शिकलेले होते. त्यांनी ती रीत व्यवसायशिक्षणात रुजवली. फरक एवढाच की कायद्याच्या केसला निकाल असतो, व्यवसायाच्या केसला मुद्दाम ठेवत नाहीत. कंपनीने केलं ते बरोबरच होतं असंही नाही. चुकीचा निर्णय कधी नशिबाने तरून जातो. केसमध्ये 12 मार्चला निर्णय घ्यायचा असेल, तर 13 मार्चची बातमी तुमच्या उत्तरात येता कामा नये.