प्रेम आणि भय एकाच गाठीत बांधा

आपल्या कादंबरीचा आराखडा आणि पहिली तीन प्रकरणे वाचली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून मुलासह नाशिक सोडलेली नायिका रत्नागिरीत एका पतसंस्थेत नोकरी धरते, तिथे एका पोलीस उपनिरीक्षकाशी तिची ओळख होऊन पुढे जवळीक वाढते, आणि कथेच्या मध्यावर नवरा तिचा माग काढत येतो. प्रेम रंगू लागले की रहस्य थंडावते आणि रहस्याने वेग घेतला की प्रेम बाजूला पडते, याला काय करावे, असे आपण विचारले आहे.

प्रकरणांचा क्रम बदलून हे सुटणार नाही. आपल्या कथेत प्रेम एका दाराने येते आणि धोका दुसऱ्या दाराने, त्यामुळे एक आत आले की दुसऱ्याला बाहेर थांबावे लागते. प्रेमामुळेच धोका वाढेल अशी मांडणी करा, आणि त्यासाठी वेगळी क्लृप्ती शोधावी लागणार नाही, कारण ती कायद्यातच आहे. नायिकेचा घटस्फोटाचा दावा प्रलंबित आहे, म्हणजे ती अजून विवाहित आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नसला, तरी हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३ खाली ते घटस्फोटाचे कारण आजही आहे, आणि पत्नी व्यभिचारात राहत असल्याचे सिद्ध झाले तर तिचा पोटगीचा हक्कही जातो. भाट्ये किनाऱ्यावर दोघे बसलेले असताना कोणी सहज काढलेला फोटो नवऱ्याच्या वकिलाच्या हाती लागला, तर त्याचा वापर कसा होईल याचा विचार करून पाहा. एका फोटोने काही सिद्ध होत नाही, हे तिची वकील तिला सांगेलच. पण मुलाचा ताबा जाण्याची भीती तेवढ्याने जाणार नाही. आता किनाऱ्यावरचा प्रत्येक प्रसंग वाचकाला सुखही देईल आणि धास्तीही.

नवऱ्याला तिचा पत्ता मोबाइल कंपनीतल्या मित्राकडून मिळतो, हे फार सोयीचे झाले आहे. मुलाच्या शाळेचा मार्ग घ्या. दाखल्याअभावी प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यामुळे खरे. त्यामुळे मुलगा वर्गात बसू लागतो. पण दाखला मागवणारे पत्र नव्या शाळेच्या गोल शिक्क्यासह नाशिकच्या शाळेत पोहोचते, आणि मुलाच्या वडिलांना वर्षानुवर्षे ओळखणारा तिथला लिपिक, कोणताही दुष्ट हेतू नसताना, ‘साहेब, चिरंजीव आता रत्नागिरीला का?’ असे रस्त्यात विचारतो. दुसरा मार्ग याहून क्रूर आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी २००५ च्या कायद्याप्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. मात्र त्या अर्जाची नोटीस नवऱ्याला जाते आणि तिच्यावर न्यायालयाचे नाव व ठिकाण असते. संरक्षण मागताच आपण कुठे आहोत हे त्याला कळणार, हे ठाऊक असूनही तिने सही करावी की नाही, यावर एक अख्खे प्रकरण उभे राहील. स्त्री घर सोडून गेल्यानंतरचा काळ तिच्यासाठी सर्वांत धोक्याचा असतो, हे या क्षेत्रात काम करणारे सगळेच सांगतात, आणि आपल्या मसुद्यात नेमका तोच काळ ‘नवी पहाट’ म्हणून दोन पानांत संपला आहे.

नायकाविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल. तिसऱ्या प्रकरणात तो तिला न विचारता तिच्या पडवीत कॅमेरा बसवून घेतो, त्याचे चित्रण स्वतःच्या मोबाइलवर पाहतो, आणि ती हळवी होते. तिच्या नवऱ्यानेही नाशिकच्या दिवाणखान्यात असाच कॅमेरा लावला होता, हे आपणच पहिल्या प्रकरणात लिहिले आहे. मग तिला तो लाल ठिपका दिसताच तिच्या हातातली पिशवी तशीच राहिली पाहिजे, तिने कुलूप न उघडता शेजारच्या काकूंकडे जाऊन बसले पाहिजे. नायक चांगला माणूस आहे हे त्यानंतर दाखवता येते: तो सफाई देत बसत नाही, स्वतःच्या मोबाइलमधले ॲप तिच्यासमोर काढून टाकतो, पासवर्ड तिला ठरवू देतो, आणि कॅमेरा ठेवायचा की उतरवायचा हेही तिच्यावर सोडतो. रागीट, हक्क गाजवणारा नायक या साहित्यप्रकारात लोकप्रिय आहे हे मला मान्य आहे, परंतु मार खाऊन बाहेर पडलेल्या स्त्रीच्या कथेत तो मला तरी सहन होत नाही.

तपशिलाच्या दोन गोष्टी. १ जुलै २०२४ पासूनच्या छळासाठी भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ आणि ८६ लागतील, त्याआधीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेचे ४९८-अ. संवादात मात्र ‘चारशे अठ्ठ्याण्णव’ चालेल, वकील मंडळीही अजून तसेच म्हणतात. तसेच घटस्फोटाचा हुकूमनामा झाल्याच्या आठवड्यातच लग्न लावू नका, अपिलाची मुदत जावी लागते.

शेवटी नवरा रत्नदुर्गाच्या कड्यावरून पाय घसरून पडतो, हे बदलावे अशी माझी आग्रहाची सूचना आहे, कारण त्यामुळे नायिकेला काहीच करावे लागत नाही. तिच्या कामाच्या ठिकाणी येण्यास मनाई करणारा संरक्षण आदेश २००५ च्या त्याच कायद्याच्या कलम १८ खाली तिला आधीच मिळालेला असू द्या. नवरा हसतमुखाने पतसंस्थेत येतो, रांगेत उभा राहतो आणि तिच्याच खिडकीपाशी येऊन मुदत ठेवीचा अर्ज मागतो. ती थरथरत्या हाताने अर्ज पुढे सरकवते. तो स्वतःच्या अक्षरात नाव, पत्ता, तारीख लिहून सही करतो, कारण ती घाबरली आहे याचीच त्याला मजा वाटते आहे. ती अर्जावर आवकचा शिक्का मारते, वेळ टाकते आणि शाखाधिकाऱ्यांना हाक मारते. आदेशभंगाचा पुरावा त्यानेच लिहून दिला आहे. या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा असून तो दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. फिर्याद मात्र नायकाला नोंदवू देऊ नका. त्याचा तिच्याशी असलेला संबंध उलटतपासणीत पहिल्याच प्रश्नाला बाहेर येईल, म्हणून त्या दिवशी ठाण्यात दुसरा अधिकारी हजर ठेवा आणि नायकाला बाहेर बाकावर बसवा.