पोरगं झोपलेलं असतंय ओ मॅडम

घरातल्या मारहाणीबद्दल बायका माझ्याकडं बोलायला लागल्या की एक वाक्य हमखास येतं. शब्द थोडे इकडंतिकडं, पण अर्थ हाच, की पोरांसमोर काही होत नाही, ती झोपलेली असतात. परवा एकीनं फोनवर हेच विचारलं. नवरा रात्री हात उचलतो, पण मुलगी पाच वर्षांची आहे, तिला काय कळतंय, तिच्यावर परिणाम होईल का? फोनवर घाईघाईत जे सांगितलं ते अर्धवट राहिलं म्हणून इथं नीट लिहितेय, आणि त्यासाठी सोन्याची गोष्ट सांगावी लागेल. सोन्या हे नाव मी दिलंय, आणि बाकीचे तपशीलही कुणाला ओळख लागू नये एवढे बदललेत.

सोन्या आला तेव्हा आठ वर्षांचा, तिसरीत. वडील शिरोलीला एमआयडीसीत फौंड्रीत, आजी घरात, एक चार वर्षांची बहीण. तक्रार मोबाईलची. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आई खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाली, "मॅडम ह्याला मोबाईलचं लई वेड लागलंय, काढून घेतला की थयथयाट करतोय, शाळेतनं आला की दप्तर टाकतोय आणि आधी मोबाईल कुठाय." शिवाय दोन महिने झाले अंथरूण ओलं करत होता, जे चौथ्या वर्षीच बंद झालं होतं. वर्गात पेंगतो. पोटात दुखतं म्हणतो, डॉक्टरांनी लघवी तपासली, सोनोग्राफी केली, सगळं नॉर्मल.

मी काय केलं? सगळे करतात तेच. स्क्रीन टाईमचा तक्ता करून दिला, रात्री आठनंतर मोबाईल आईनं कपाटात कुलूप लावून ठेवायचा, ऐकलं तर एक स्टार. घरात भांडणं होतात का हे विचारलं होतं, नाही असं नाही, पण सोबत आजी बसलेली आणि तिनंच उत्तर दिलं, "भांड्याला भांडं लागतंयच की." मी वहीत 'किरकोळ' लिहून पुढं गेले. (आता पहिली भेट मी आईची एकटीचीच घेते, सासू कितीही गोड बोलत असली तरी तिला बाहेर चहाला पाठवते.)

पंधरा दिवसांनी आले तर पोरगं आणखी बिघडलेलं. कपाटाला लाथा मारतंय, रात्री दोन-दोनपर्यंत जागं. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मला वाटलं की व्यसनच आहे, सोडताना त्रास व्हायचाच.

तिसऱ्या भेटीत मी त्याला एकट्याला घेतलं. जमिनीवर गाड्या घेऊन बसलो होतो, माझा फोन टेबलावर, बॅटरी लाल झालेली. खेळता खेळता तो थांबला, "मॅडम, चार्जर कुठाय तुमचा?" मी म्हटलं असू दे रे, नंतर लावते. तर हा उठला, पर्सकडं बोट दाखवलं, "ह्यात असंल." चार्जर काढून लावला, टक्का वाढतोय का बघितलं, मगच परत गाड्यांपाशी आला. मी सहज विचारलं, तुमच्या घरी कोण लावतं चार्जिंगला?

"मीच."

कितीपर्यंत?

"शंभर."

आणि कमी झाला तर? बराच वेळ ट्रक उलटा धरून चाक फिरवत बसला. मग चाकाकडं बघतच म्हणाला, "मग मामाला फोन कसा लागणार."

हळूहळू सगळं बाहेर आलं, एका दिवसात नाही, दोन-तीन भेटीत. दिवाळीच्या आधी एका रात्री बापानं आईला मारलं होतं, आईनं कागलला भावाला फोन लावायला मोबाईल घेतला तर तो बंद. दुपारी सोन्या त्यावर गेम खेळला होता. म्हणजे त्याच्या हिशोबानं बॅटरी त्यानं संपवली म्हणून मामा आला नाही, आणि मामा आला नाही म्हणून आईला आणखी मार बसला. आठ वर्षांच्या पोराचं गणित हे असंच चालतं, घरात वाईट काही झालं की ते आपल्यामुळं झालं. त्या रात्री तो बहिणीशेजारी चादरीखाली होता. आणि घरातल्या सगळ्यांच्या मते झोपलेला होता.

तर हे पोरगं मोबाईलचं वेडं नव्हतंच. ते पहाऱ्यावर होतं. आणि मी स्टारचं स्टिकर देऊन त्याचा एकुलता एक बंदोबस्त कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता.

अजून एक सांगितलं त्यानं. पप्पांच्या गाडीचा स्टँड कसा लागतोय त्यावरनं त्याला कळतं. हळू लागला तर ठीक, धाडकन लागला तर तो बहिणीला आतल्या खोलीत नेऊन टीव्हीचा आवाज वाढवतो. आईला हे माहीतच नव्हतं, ती आवाज कमी कर म्हणून त्याच्यावरच ओरडायची.

झोपलेल्या मुलांवरनं आठवलं. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठात २०१३ साली सहा ते बारा महिन्यांच्या २० बाळांचा एक अभ्यास झाला. बाळं गाढ झोपलेली, एमआरआय चालू, आणि कानात एका माणसाचा आवाज, कधी साधा, कधी रागातला, शब्द निरर्थक. ज्यांच्या घरात आईबापांची भांडणं जास्त, त्या बाळांच्या मेंदूतले ताण आणि भावना सांभाळणारे काही भाग रागाच्या आवाजाला जास्त जोरात उठत होते. झोपेत. बाळं थोडीच होती आणि तिथं भांडणं मोजली होती, मारहाण नव्हे, त्यामुळं मी ते फार ताणत नाही, पण 'त्याला काय कळतंय' म्हणणाऱ्याला मी हे सांगतेच.

मेंदूत धोक्याची घंटा वाजवणारा एक भाग असतो, अ‍ॅमिग्डाला. ज्या घरात कधी काय होईल याचा नेम नाही तिथं ती घंटा बंदच होत नाही, शरीर सतत पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीत. मग झोप कुठली, अभ्यास कुठला? पोटात दुखणं खोटं नसतं, खरंच दुखतं. काही पोरं दुसऱ्यांना मारायला लागतात, ती निदान लक्षात येतात तरी. मला भीती वाटते ती शहाण्या मुलींची. आईला भांडी घासू लागते, काही मागत नाही, सगळी म्हणतात लई समजूतदार हाय पोरगी. तिला कोणी माझ्याकडं आणत नाही.

१९९८ साली अमेरिकेतच फेलिट्टी, अँडा आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला, बालपणातले वाईट अनुभव आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध बघणारा. त्यात आईला मार खाताना बघणं हा एक वेगळा मुद्दा धरला होता, म्हणजे मुलाला स्वतःला मार बसलेला असो वा नसो. अर्थात असं पोर बिघडणारच असं कुठं लिहिलेलं नाही. मी बघितलेल्यातली सावरलेली पोरं बरीच आहेत, आणि त्यांच्याजवळ एक तरी मोठं माणूस असं होतं ज्याच्यासमोर नाटक करावं लागत नव्हतं.

सोन्याच्या आईला मी (त्याची परवानगी घेऊन, हो, आठ वर्षांच्या पोराचीसुद्धा घ्यायची असते) मोबाईलचं सांगितलं तेव्हा ती पदर मुठीत धरून बसली. "तो झोपलेला होता," एवढंच दोनदा म्हणाली. मग म्हणाली, "मी तर मॅडम तोंडात बोळा धरल्यागत गप्प मार खातो, पोरं उठतील म्हणून."

तिला सांगितलं की आधी त्याच्याशी बोला. ती म्हणाली, बोललं तर आणखीनच कळंल की त्याला! मी म्हटलं ताई, कळायचं ते कळलंय, फक्त तो ते एकटा घेऊन बसलाय. काय बोलायचं ते आम्ही दोघींनी बसून पाठ केलं. काल जे झालं ते तू ऐकलंस, मला माहितेय. तुझ्यामुळं झालं नाही. पप्पांनी मारणं चूक आहे. आणि ते थांबवणं तुझं काम नाही, मोठ्यांचं आहे. 'आता कधीच होणार नाही' हे मात्र म्हणायचं नाही, कारण ते आपल्या हातात नाही आणि पोर ते लक्षात ठेवतं.

बाप एकदा आला. स्वच्छ शर्ट, नम्र माणूस. प्यायची सवय नाही, हे मुद्दाम सांगते, कारण सगळं दारूवर ढकललं की सोपं जातं. म्हणाला, "पोराच्या अंगाला बोट लावलं न्हाई मी कधी, विचारा त्याला." गाडीच्या स्टँडचं माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. पोरानं इथं सांगितलेलं घरी पोचलं तर त्याची शिक्षा कोण भोगणार? एवढंच म्हटलं, की दादा, आईला लागतं तेव्हा पोराला लागतंच. तो हसला, आणि परत आला नाही. दोघांना समोरासमोर बसवून समजूत घाला असं आजीचं म्हणणं होतं, ते मी केलं नाही. मार चालू असताना बाई नवऱ्यासमोर खरं बोलली तर घरी गेल्यावर काय होतं ते मी एकदा बघितलंय.

मग आम्ही बंदोबस्त बदलला. एक साधा बटणाचा फोन, तो आईकडं, चार्ज करायची जबाबदारी आईची. शेजारच्या काकूंना विश्वासात घेतलं. सोन्याचं काम एकच, बहिणीचा हात धरून काकूंकडं जायचं, मध्ये पडायचं नाही, काकू ११२ ला, म्हणजे पोलिसांना, फोन करतील. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आणि बायकांसाठी १८१, हे त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहून घेतलं. पुढं आई कागलला माहेरी गेली आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत अर्ज केला. ह्या कायद्यात मारहाण थांबवायचा आदेश मिळतो, मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो, आणि बाईला घरातनं हुसकून काढता येत नाही. पण तारखांवर तारखा पडतात, भाऊ चांगला असला तरी भावजय किती दिवस, हे सगळं आहेच. केस अजून चालू आहे.

अंथरूण ओलं व्हायचं थांबायला पाच महिने लागले, मध्ये एकदा कोर्टाच्या तारखेच्या आदल्या रात्री परत झालं. आईनं न बोलता चादर धुतली.

मागच्या महिन्यात दोघं एसटीनं आली होती. मी आईशी बोलत होते, सोन्या कोपऱ्यात तिच्या मोबाईलवर गेम खेळत होता. ती मध्येच त्याच्यावर ओरडली, "ठेव तो, बॅटरी संपत आली बघ!"

त्यानं मान वर केली नाही. "संपू दे की."