रेशीची कॅप्सूल, धिंगरीच्या पिशव्या

प्रश्न : वय ६८. आठ महिन्यांपूर्वी स्टेंट बसवला. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि रात्री स्टॅटिन चालू आहे. भाच्यानं रेशी मश्रूमच्या कॅप्सूल आणून दिल्यात; ‘हृदयाला आणि फुफ्फुसांनाही चांगल्या’ म्हणतो. पाच दिवस घेतल्या. सौ.ना दमा आहे, त्यांना द्याव्यात का? शिवाय त्या मागच्या खोलीत धिंगरी (ऑयस्टर मश्रूम) लावायची म्हणताहेत.
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : भाच्याचा तुमच्यावर जीव आहे, पण डबी आज बंद करा. स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून तुम्ही आधीच दोन गोळ्या घेताय. रेशीतही रक्त गोठू न देण्याचा थोडाफार गुण असावा, अशी शंका आहे. त्यात तिची भर कशाला? हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, डांबरासारखी शी, यातलं काही दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे जा. क्लोपिडोग्रेल मात्र आपल्या मनानं थांबवायची नाही!

बरं, फायदा तरी किती? उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०१५ साली मधुमेहींवरचे पाच प्रयोग तपासले, मिळून ३९८ माणसं. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशासाठीच रेशी घ्या असं म्हणण्यासारखं त्यात निघालं नाही.

बुरशीला मी कमी लेखत नाही. तुमची रात्रीची कोलेस्टेरॉलची गोळी ज्या कुळातली, त्यातला पहिला पदार्थ जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७३ मध्ये बुरशीतच सापडला. त्या कुळातली पहिली गोळी बाजारात यायला मात्र १९८७ उजाडलं. आमची आजी तोंड आलं की फणसाच्या खोडावरचं फणसअळंबं सहाणेवर उगाळून लावायची. छातीत दुखतं म्हणून तिनं ते कधी काढलं नाही.

आता वहिनी. दम्याला पंपच. धिंगरी त्यांनी खुशाल खावी, लावू मात्र नये. छत्र्या उमलल्या की पिठासारखे बारीक बीजाणू उडतात आणि बंद खोलीत थेट छातीत जातात. सकाळी काढणी, संध्याकाळी कणकण, कोरडा खोकला, धाप, असा त्रास धिंगरी पिकवणाऱ्यांत ठाऊक आहे. दम्याच्या माणसानं त्या वाटेला कशाला जावं? पाव किलो विकत आणा, कांदा-मिरं घालून नीट शिजवा.

डबी टाकू नका. पुढच्या तपासणीला हृदयाच्या डॉक्टरांपुढे ठेवा आणि पाच दिवस घेतल्याचं सांगा.