आजोबांच्या वतीने सही कोणाची?

प्रश्न : मी मूळची साताऱ्याची असून पुण्यात चित्रपट-संकलनाचे काम करते. आजी-आजोबांचे प्रेम आणि आजोबांचे विस्मरण या विषयावर मी स्वखर्चाने 26 मिनिटांचा लघुपट तयार केला आहे. आजी 2021 मध्ये वारली. तिने मृत्युपत्र केले नव्हते. पुढच्या वर्षी आजोबांना अल्झायमर असल्याचे निदान झाले. आजोबा भुसावळला रेल्वेत असताना 1968 ते 1971 या काळात दोघांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे लघुपटात वाचली जातात, तरुणपणीच्या प्रसंगांत कलाकार आहेत आणि उत्तरार्धात स्वतः आजोबा दिसतात, काही दृश्यांत घरी तर काही दृश्यांत ते सध्या राहतात त्या सेवाकेंद्रात. धाकट्या काकांनी वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. आजोबांचे 2019 चे मुखत्यारपत्र आपल्याकडे आहे, आपली संमती नाही, घरातली गोष्ट चव्हाट्यावर आली आहे, सबब लघुपट नष्ट करावा, असे तिच्यात म्हटले आहे. बाबा आणि आत्या माझ्या बाजूने आहेत. निदानानंतर दोन महिन्यांनी आजोबांनी कॅमेऱ्यासमोर ‘काढ माझ्यावर फिल्म’ असे सांगितलेले माझ्याकडे आहे. महोत्सवात प्रवेशिका पाठवण्याची मुदत तीन आठवड्यांवर आली आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या काकांची नोटीस ज्या मुद्द्यावर सर्वांत जोर देते तो मुद्दा कायद्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा आहे, मात्र ज्यांच्याविषयी त्या नोटिशीत एक ओळही नाही, त्या पत्रांवर त्यांचा हक्क खरा आहे. म्हणून नोटीस फेटाळून लावण्यापूर्वी हे उत्तर शेवटपर्यंत वाचावे.

प्रथम मुखत्यारपत्राविषयी. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार, मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मरण पावली किंवा तिचे मन विकल झाले, म्हणजे व्यवहार समजून घेऊन निर्णय करण्याची तिची क्षमता गेली, की मुखत्याराचा अधिकार तेथेच संपतो. आजोबांची क्षमता आज उरली नसेल, तर 2019 चा तो कागद काकांच्या उपयोगाचा नाही. आणि क्षमता उरली असेल, तर काकांनी मध्ये बोलण्याचे कारण नाही, कारण आजोबा स्वतःच हो किंवा नाही म्हणू शकतात. फार तर काकांचे वकील कलम 209 चा आधार घेऊन असे म्हणतील की अधिकार संपल्यानंतरही सोपवलेले हितसंबंध जपण्यासाठी वाजवी पावले उचलणे मुखत्याराचे कर्तव्य असते. परंतु त्या कर्तव्यातून नातीचे काम नष्ट करून मागण्याचा अधिकार निघतो, असे मला वाटत नाही.

याची दुसरी बाजू आपल्याला कदाचित रुचणार नाही. जे काकांना लागू तेच बाबांना, आत्यांना आणि आपल्यालाही लागू आहे. थोरला मुलगा सही करील म्हणजे झाले, अशी आपल्याकडे सर्रास समजूत असते आणि रुग्णालयाच्या अर्जापासून बँकेच्या कागदांपर्यंत ती चालवूनही घेतली जाते. कायद्यात मात्र सज्ञान माणसाचा मुलगा त्याचा आपोआप पालक होत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ची तरतूद आहे, पण तो प्रतिनिधी केवळ उपचारांबाबत साहाय्य करण्यासाठी असतो. 1987 च्या जुन्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून पालक व मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. 2017 च्या कायद्याने तो कायदा रद्द झाला आणि त्या सोयीच्या जागी दुसरे काही आले नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता असल्याने उतारवयातील स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही. परिणामी अशा रुग्णाच्या कुटुंबाला राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. सातारा जिल्ह्यासाठी हा अर्ज आता ऑगस्ट 2025 पासून सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे करावा लागेल.

मग आजोबांचे कॅमेऱ्यासमोरचे ते वाक्य? माझ्या मते आपल्या बाजूचा सर्वांत मोलाचा पुरावा तोच आहे. अल्झायमरचे निदान झाल्याच्या दिवसापासून माणसाची निर्णयक्षमता संपते, असे कायदा मानत नाही. करार कायद्याच्या कलम 12 मध्ये पाहायचे असते ते एवढेच की त्या क्षणी त्या व्यक्तीला तो व्यवहार समजत होता का आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा तिला विवेक करता येत होता का. एरवी मन विकल असलेला माणूसही मधल्या स्वस्थ काळात करार करू शकतो, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. म्हणून त्या चित्रीकरणाची मूळ फाइल, तारखेच्या नोंदीसह, न कापता जपून ठेवावी आणि त्याच सुमारास डॉक्टरांनी केलेल्या स्मृतिचाचणीचे कागद मिळवावेत. त्या दिवशी आजोबांनी तारीख, गाव, नातवंडांची नावे नीट सांगितली असतील आणि फिल्म लोक पाहतील हे आपण त्यांना सांगितल्याचे त्यात ऐकू येत असेल, तर घरातील दृश्यांपुरती आपली बाजू भक्कम आहे.

पण संमती जेवढ्या गोष्टीची दिली तेवढीच असते. हसणाऱ्या, पत्र वाचणाऱ्या आजोबांनी ‘काढ’ म्हटले याचा अर्थ दोन वर्षांनंतर गोंधळलेल्या, नातीलाच ‘तू कुणाची गं?’ असे विचारणाऱ्या आजोबांनीही ‘काढ’ म्हटले, असा ओढूनताणून लावता येणार नाही. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना त्याची नाळ माणसाच्या प्रतिष्ठेशी जोडली आहे, आणि स्मृती गेली म्हणून प्रतिष्ठा जात नाही. सोबत पाठवलेल्या दृश्यसूचीतील एकोणिसावे दृश्य, ज्यात आजोबांचे कपडे ओले झालेले दिसतात, ते आपण काढून टाकावे. त्यावर कोणी दावा करो वा न करो, माझा सल्ला हाच राहील. न ओळखण्याचे दृश्य ठेवावे की नाही, हा निर्णय बाबा आणि आत्यांना ते दाखवून, त्यांचे म्हणणे लेखी घेऊन करावा. ते म्हणणे आजोबांची संमती ठरणार नाही, परंतु आपण सद्हेतूने वागलात हे त्यातून दिसेल.

सेवाकेंद्रातील चित्रीकरणाची गोष्ट वेगळी आणि अधिक गंभीर आहे. 2017 च्या कायद्याच्या कलम 24 प्रमाणे, मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेत असलेल्या रुग्णाचे छायाचित्र किंवा त्याच्याविषयीची अन्य माहिती त्या रुग्णाच्या स्वतःच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देता येत नाही. ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत स्मृती आणि स्थळकाळाचे भान यांतील गंभीर बिघाडही येतो, आणि ‘आस्थापने’च्या व्याख्येत अशा रुग्णांना ठेवून घेऊन त्यांची काळजी घेणारी ठिकाणे येतात, नातेवाइकांबरोबर राहण्याचे घर मात्र त्यातून वगळलेले आहे. त्यामुळे घरात घेतलेले दृश्य आणि केंद्रात घेतलेले तसेच दृश्य यांना कायदा एकाच मापाने मोजत नाही. या कायद्याच्या भंगासाठी पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. लघुपट म्हणजे ‘प्रसारमाध्यम’ का, यावर वाद घालता येईल, पण तो आपल्या खर्चाने घालण्याची हौस धरू नये. केंद्रातील दृश्ये वगळावीत आणि ती अपरिहार्यच असतील तर कलाकाराकडून पुन्हा चित्रित करावीत. मागे बसलेल्या इतर वृद्धांचे चेहरे कोणत्याही परिस्थितीत राहता कामा नयेत.

‘घरची गोष्ट चव्हाट्यावर’ या तक्रारीत आजीपुरते फारसे बळ नाही. खासगीपणाचा हक्क व्यक्तीबरोबर संपतो आणि तो वारसाहक्काने मुलांकडे येत नाही, अशी भूमिका मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये जयललिता यांच्या जीवनावरील चित्रपटाच्या वादात घेतली होती. तो निकाल महाराष्ट्रातील न्यायालयांवर बंधनकारक नाही, पण युक्तिवादाला उपयोगी आहे.

आता पत्रे, आणि खरी अडचण येथे आहे. पत्राचा कागद ज्याला पत्र आले त्याचा, पण त्यातील मजकुराचा स्वामित्वहक्क, म्हणजे कॉपीराइट, लिहिणाऱ्याचा असतो. ट्रंकेतील पत्रांचा गठ्ठा आजीने आपल्या हाती दिला, एवढ्याने मजकूर वापरण्याचा हक्क आपल्याला मिळत नाही. आजीने मृत्युपत्र केले असते आणि त्यात हस्तलिखिते आपल्याला दिली असती, तर कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 20 मुळे अप्रकाशित मजकुराचा हक्कही त्याबरोबर आला असता. तसे नसल्याने हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे तिचे वारस, म्हणजे आजोबा, आपले बाबा, काका आणि आत्या, प्रत्येकी एक चतुर्थांश हिश्श्याने तिच्या पत्रांचे सहमालक झाले आहेत. एका सहमालकाला इतरांच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटले आहे. त्यामुळे बाबा आणि आत्या कितीही अनुकूल असल्या तरी काकांचा चौथा हिस्सा आडवा येतो. आणि काका उद्या राजी झाले तरीही आजोबांचा चौथा हिस्सा राहतोच, ज्यावर सही करू शकेल असा माणूस आज अस्तित्वात नाही. हा हक्क इतक्यात संपणाराही नाही, कारण लेखकाच्या मृत्यूपर्यंत अप्रकाशित राहिलेल्या मजकुराची 60 वर्षे तो प्रथम प्रकाशित झाल्यानंतर मोजायला सुरुवात होते.

आजोबांनी लिहिलेल्या पत्रांचा हक्क त्यांचा स्वतःचाच आहे. परवाना लेखी असावा, असे कलम 30 सांगते आणि आपल्याकडे तसा कागद नाही. तरी त्यांनी स्वतः कॅमेऱ्यासमोर आपले पत्र वाचून दाखवले आहे ते दृश्य ठेवण्यास मी हरकत घेणार नाही, कारण त्यात त्यांची मूक परवानगी उघड दिसते.

आजीच्या पत्रांसाठी मी एकच मार्ग सुचवीन. पत्रांतील प्रसंग ठेवावेत आणि शब्द आपले घालावेत. 1978 च्या आर. जी. आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले आहे की कल्पना, विषय, कथाबीज किंवा घडलेल्या घटना यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो, तो असतो त्यांच्या मांडणीवर. भुसावळच्या उन्हाळ्यात पहिल्या पगाराची वाट पाहणारी नवी नवरी ही घटना आहे; ती आजीने ज्या वाक्यांत लिहिली ती वाक्ये मात्र चौघांची आहेत. निवेदन नव्याने ध्वनिमुद्रित करावे लागेल हे खरे, पण आपण स्वतः संकलक आहात आणि तीन आठवडे हाताशी आहेत. पडद्यावर दिसणारे पत्राचे हस्ताक्षरही वाचता येणार नाही इतके पुसट ठेवावे.

आजोबा नावे विसरतात पण जुने भावगीत गुणगुणतात, ते दृश्य सुंदर असेल यात शंका नाही. तथापि तीस सेकंदांपर्यंत गाणे वापरले तर चालते, हा समज निराधार आहे. कायद्यात अशी मुदत कोठेही नाही. शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात, आणि आजोबांनी स्वतःच्या आवाजात म्हटले तरी पहिल्या दोहोंची परवानगी लागतेच. गीत भा. रा. तांबे यांचे असेल तर शब्द मोकळे आहेत. तांबे 1941 मध्ये गेले, त्याच वर्षी रवींद्रनाथही गेले, आणि रवींद्रनाथांचे साहित्य मोकळे होण्याच्या तोंडावरच कायद्यातील 50 वर्षांची मुदत 60 करण्यात आली, त्यामुळे तांब्यांच्या कवितांनाही ओघाने दहा वर्षे अधिक संरक्षण मिळून 2001 अखेर ते संपले. त्यांच्या कवितांना पुढे लागलेल्या चाली मात्र अजून संरक्षित असू शकतात. ओवी किंवा पारंपरिक चालीतला अभंग घेतल्यास हा प्रश्नच उरत नाही.

ज्या मित्राने पटकथा लिहून दिली त्याच्याकडून कलम 19 प्रमाणे लेखी हस्तांतरण आताच करून घ्यावे आणि त्यात मुदत व प्रदेश नमूद करावा, नाहीतर ते कायद्याने पाच वर्षांपुरते आणि भारतापुरतेच धरले जाते.

नोटिशीला उत्तर तिच्यातील मुदतीत आणि वकिलामार्फतच द्यावे. मुखत्यारपत्राचा मुद्दा त्यात ठामपणे नाकारावा, केंद्रातील दृश्ये आणि आजीच्या पत्रांतील मजकूर स्वेच्छेने वगळत असल्याचे कळवावे, आणि पत्रांवरील हिश्शाविषयी याहून अधिक काही लिहू नये. काका मनाई हुकूम मागण्याची शक्यता असल्याने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 148अ खाली सातारा व पुणे येथील जिल्हा न्यायालयांत कॅव्हेट दाखल करावे, म्हणजे आपले म्हणणे ऐकल्याशिवाय एकतर्फी हुकूम होण्याची भीती राहणार नाही. कॅव्हेट 90 दिवस टिकते. ती मुदत संपताच पुन्हा दाखल करावे लागते.

महोत्सवासाठी सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट मिळवण्याचे काम बहुधा आयोजकच करतात, त्याची चिंता नको. प्रवेश-अर्जात मात्र ‘सर्व हक्क माझ्याकडे आहेत आणि वाद उद्भवल्यास नुकसान मी भरून देईन’ अशा अर्थाचे एक कलम असते आणि त्यापुढे खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. नवी प्रत तयार होऊन मित्राचा करारनामा हाती येईपर्यंत त्या चौकटीत खूण करू नये.