इंग्लंडच्या प्रायमरी शाळेतलं पहिलं प्लेसमेंट: उच्चार, शिस्त आणि मागे बसलेली मेंटॉर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की बी.एड. झालंय, शाळेत शिकवण्याचा अनुभवही आहे, आता इंग्लंडमध्ये पीजीसीई (शिक्षक होण्यासाठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) करताय आणि पहिलं प्लेसमेंट, म्हणजे शाळेतला प्रत्यक्ष सराव, इयर टूच्या वर्गात मिळालंय. तुमचे प्रश्न चार: मुलं माझ्या उच्चारांना हसतील का, आवाज न चढवता तीस मुलं कशी सांभाळायची, मेंटॉर (शाळेतली मार्गदर्शक शिक्षिका) मागे बसून नेमकं काय लिहून घेते, आणि पहिल्या दिवशी सोबत काय न्यायचं. मी हेच प्रशिक्षण घेऊन इथे वर्गशिक्षिका झाले आणि आता माझ्याच वर्गात प्रशिक्षणार्थी येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. तुमचा क्रम मात्र मोडतेय. तिसऱ्या प्रश्नात बाकीच्यांची निम्मी उत्तरं आहेत, तर तो आधी.

अनुभव असलेले शिक्षक इथे आले की पहिल्या निरीक्षणाला त्यांचा पाठ सुरेख होतो. फळा नेटका, आवाज खणखणीत, उदाहरणं तयार. आणि फीडबॅकमध्ये मेंटॉर विचारते, "खिडकीपाशी बसलेल्या तिघांना काय कळलं?" इथे बरेचजण गडबडतात, कारण सगळं लक्ष स्वतःच्या शिकवण्यावर होतं. मेंटॉरची वही मुलांबद्दल असते. कोण लिहीत होतं, कोण शेजाऱ्याचं बघत होतं, चुकीचं उत्तर आल्यावर तुम्ही काय केलंत, आणि ते चुकीचं उत्तर तुमच्या नजरेला तरी पडलं का.

माझ्या वर्गातलंच सांगते. प्रशिक्षणार्थी वजाबाकी घेत होती, ५२ वजा २७. समजावून झालं, मुलांनी मिनी व्हाइटबोर्डवर उत्तर लिहून एकदम वर धरलं. बहुतेक २५, पण तीन बोर्डांवर ३५. तुम्ही शिकवलेलं असल्यामुळे ओळखलंच असेल: पाचातून दोन गेले तीन, आणि दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले. मूल निष्काळजी नाही, त्याने स्वतःपुरता एक नियम केलाय की मोठ्यातून लहान काढायचं. तिने "नीट बघा, पुन्हा करा" असं म्हटलं नाही. बाकीच्यांना पुढचं गणित दिलं आणि त्या तिघांना गालिच्यावर बोलावून पुढ्यात दशक-एककांचे ठोकळे ठेवले, इथे त्यांना डीन्स म्हणतात. "५२ मांड." पाच दांड्या, दोन सुटे. "आता यातून सात सुटे मला दे." मुलगा दोन सुट्यांकडे बघत बसला. मग त्याने एक दांडी उचलून डब्यात टाकली आणि दहा सुटे मोजून घेतले. तिने तोंडातून शब्द काढला नाही. मी वहीत लिहिलं ते हेच, आणि त्या दिवशी तिच्या फळ्यावर काय होतं ते मला आज आठवतही नाही.

इयर टूमध्ये सहा-सात वर्षांची मुलं असतात आणि दोन अंकी वजाबाकी ठोकळे, चित्रं आणि मनातल्या मनात अशीच चालते. उभी मांडणी अभ्यासक्रमात इयर थ्रीला येते. आपल्याला हातचे घेऊन भराभर उदाहरणं सोडवून घ्यायची सवय, त्यामुळे सुरुवातीला हे फार संथ वाटतं. मलाही वाटायचं, आणि काही बाबतीत अजूनही वाटतं. पाढ्यांचंच बघा. इथे बारापर्यंत पाढे, आणि इयर फोरच्या जूनमध्ये त्यांची संगणकावर परीक्षा: २५ प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. रोज पाच मिनिटं एका सुरात पाढे म्हणून घेतले तर काही बिघडत नाही, असं माझं मत आहे आणि मी ते घेते. पण तुम्ही प्लेसमेंटवर असताना वर्गशिक्षिकेला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. इथे सप्टेंबर ते ऑगस्ट या जन्मतारखांप्रमाणे वर्ग ठरतो आणि मूल चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला, म्हणजे इयर वनच्या आधीच्या वर्गाला, जातं. त्यामुळे तुमच्या वर्गात सप्टेंबरमध्ये जन्मलेली मुलगी आणि पुढच्या ऑगस्टमध्ये जन्मलेला मुलगा शेजारी बसतील, दोघांत जवळजवळ वर्षाचं अंतर. सहाव्या वर्षी ते अंतर पेन्सिल धरण्यापासून रडू आवरण्यापर्यंत सगळीकडे दिसतं. पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या यादीवर जन्मतारखा बघून ठेवा. "हा मागे आहे" असं वाटणारी काही मुलं नुसती लहान असतात.

आता उच्चार. हसणार नाहीत. फार तर एखादं मूल निरागसपणे विचारेल, "मिस, तुम्ही असं का बोलता?" त्याला सरळ सांगायचं की मी घरी दुसरी भाषा बोलते. शहरातल्या वर्गात निम्मी मुलं म्हणतील "मी पण!" शिक्षकांसाठी जी अधिकृत मानकं आहेत त्यांत स्पष्ट बोलणं आणि प्रमाण इंग्रजी वापरणं सांगितलंय, विशिष्ट उच्चारधाटणी मागितलेली नाही. मागणार तरी कशी? लंडनची शिक्षिका 'बाथ' म्हणते, लीड्सची 'बॅथ', आणि दोघींची मुलं वाचायला शिकतात.

पण फोनिक्सच्या तासाला गोष्ट वेगळी, आणि इथे मी तुम्हाला अजिबात सवलत देणार नाही. इंग्लंडमध्ये वाचन सुटे ध्वनी जोडून शिकवतात. इयर वनच्या जूनमध्ये प्रत्येक मुलाची एकेकट्याने तपासणी होते, २०१२ पासून. ४० शब्द वाचायचे, त्यांतले २० खरे आणि २० बनावट. बनावट शब्दाशेजारी एखाद्या विचित्र प्राण्याचं चित्र असतं, म्हणजे मुलाला कळतं की हा खरा शब्द नाही, अक्षरं बघूनच वाचायचाय. चटपटीत वाचणारी मुलंच इथे फसतात. लिहिलेलं असतं 'स्ट्रोम', ती वाचतात 'स्टॉर्म'. ज्यांचं इयर वनला जमलं नाही ती इयर टूमध्ये पुन्हा देतात, म्हणजे तुमच्या वर्गातही काहीजण असतील, आणि बहुधा तोच छोटा गट तुमच्याकडे येईल.

आपली अडचण अशी की आपल्या प्रत्येक व्यंजनाच्या पोटात 'अ' बसलेला आहे. 'क', 'अॅ', 'ट' असं म्हणून मुलाला जोडायला लावलं तर 'कॅट' होत नाही, भलतंच काहीतरी होतं. इथे 'अ' काढून टाकायचा. म् आणि स् लांबवता येतात, ते ओठ मिटून आणि दातांतून लांबवून दाखवायचे. ट् आणि प् नुसते फुटतात, त्यांना शेपूट लावायचं नाही. दुसरी अडचण 'व'ची. 'व्हॅन'ला खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो, 'वेट'ला ओठांचा चंबू होतो, आणि आपण दोन्हीकडे एकच 'व' वापरून मोकळे होतो. 'थिन'मध्ये जिभेचं टोक दातांच्या मधे दिसलं पाहिजे. मुलं त्या वेळी तुमच्या तोंडाकडेच बघत असतात, त्यामुळे आरशासमोर उभं राहून सराव करा. शाळा कोणती फोनिक्स योजना वापरते ते विचारा आणि तिच्या प्रशिक्षणातले उच्चारांचे व्हिडिओ मागून घ्या. प्रत्येक योजनेची हातवाऱ्यांची आणि वाक्यांची ठरलेली पद्धत असते. ती जशीच्या तशी उचला. स्वतःची कल्पकता दाखवायची ही जागा नाही.

शिस्तीबद्दल तुमची काळजी समजते. छडी इथल्या सरकारी शाळांतून १९८७ सालीच गेली, पण चढा आवाजही आता बऱ्याच शाळांत खपत नाही. मग उरतं काय, तर सवयी. चांगल्या वर्गात बाई काही करतच नाहीत असं वाटतं. एक म्हटलं की मुलं उभी, दोनला खुर्च्या आत, तीनला गालिच्यावर बसलेली. हे सप्टेंबरमध्ये पन्नास वेळा करून घेतलेलं असतं, तुम्हाला फक्त त्याचं फळ दिसतं. म्हणून पहिल्या आठवड्यात तुमच्या निरीक्षणाच्या वहीत पाठ लिहूच नका. रांग कशी लागते, शांत करायला नेमके कोणते शब्द वापरतात, पेन्सिलीला टोक कधी करायचं, शौचालयाला जायची खूण काय, हे टिपून घ्या. मग तेच शब्द, तीच खूण. मुलांना नवीन माणूस चालतो, नवीन नियम चालत नाही.

शाळेचं वर्तनविषयक धोरण असतं: आधी ताकीद, मग जागा बदलणं, मग खेळण्याच्या सुट्टीतली काही मिनिटं, असं काहीतरी. त्यातली पायरी गाळू नका आणि धमकी देऊन सोडूनही देऊ नका. बाकी कौतुक नेमकं करा. "छान" हवेत विरतं, "तू वाक्याच्या शेवटी पूर्णविराम आठवणीने दिलास" हे ऐकून शेजारची दोघंही आपापली वाक्यं तपासतात. आणि पाऊस असला की सुट्टी वर्गातच होते, तिला वेट प्ले म्हणतात. त्या दुपारी अवघड पाठ ठेवू नका, एवढंच.

वर्गात टीचिंग असिस्टंट असेल तर तिला जपा. ती बहुधा तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं त्या शाळेत आहे आणि कुठलं मूल सकाळी न खाता येतं हे तिला माहीत आहे. तिने कोणत्या गटाबरोबर काय करायचं हे पाठाच्या आधी, शक्य तर आदल्या दिवशी सांगा. पाठ सुरू झाल्यावर तिला कोपऱ्यात ताटकळत उभं ठेवलेलं निरीक्षकाच्या लगेच लक्षात येतं. विशेष गरजा असलेल्या मुलाला कायम तिच्या हवाली करणंही बरोबर नाही. त्याला शिकवायची जबाबदारी वर्गशिक्षकाचीच असते, म्हणजे त्या तासापुरती तुमची.

तुम्ही विचारलं नाहीत, पण सेफगार्डिंगबद्दल, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेबद्दल, सांगायलाच हवं. मूल कधीही, अगदी रंगकाम करता करता, काहीतरी भयंकर बोलून जाईल. "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. खोदून विचारायचं नाही, तुमचे शब्द त्याच्या तोंडी घालायचे नाहीत. शांतपणे ऐकायचं, त्याने वापरलेलेच शब्द तारीख-वेळेसह लिहायचे आणि त्याच दिवशी शाळेच्या नेमलेल्या सेफगार्डिंग अधिकाऱ्याकडे द्यायचे. तुम्हाला किरकोळ वाटलं तरी द्यायचे, कारण त्या मुलाबद्दल आधी काय नोंदलंय ते तुम्हाला दिसत नाही. ती व्यक्ती कोण, हे बहुतेक शाळांत प्रवेशाजवळ फोटोसह लावलेलं असतं. पहिल्या दिवशी तो चेहरा लक्षात ठेवा.

फीडबॅक ऐकण्याची एक गंमत. इंग्लिश माणूस सूचना सल्ल्याच्या सुरात देतो. "कदाचित पुढच्या वेळी असं करून बघता येईल" असं मेंटॉर हसत म्हणाली, की ते पुढच्या पाठात झालेलं दिसलं पाहिजे. वाद घालायची गरज नाही, स्वतःच्या बचावाचं स्पष्टीकरणही नको. लिहून घ्या, करा, आणि पुढच्या साप्ताहिक भेटीत केलेलं दाखवा. हेडटीचरसकट सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, तिथे "मॅडम" म्हणू नका. मुलांसमोर मात्र मिस किंवा मिसेस आणि आडनाव.

दिवाळीच्या सुमारास तुमच्याकडे दिवाळीचा पाठ येईल. घ्या, पण तेवढ्यावर अडकू नका. इयर थ्री ते सिक्सच्या इतिहासात प्राचीन संस्कृतींपैकी एक सखोल शिकवायची असते आणि त्या पर्यायांत सिंधू संस्कृती आहे. मी पाहिलेल्या शाळा इजिप्तच निवडतात. पुढच्या प्लेसमेंटला मोठा वर्ग मिळाला तर विचारून बघा. मोहेंजोदारोच्या सांडपाण्याच्या गटारांवर मुलं ममीइतकीच खूश होतात.

राहिला पहिला दिवस. फोटो असलेलं ओळखपत्र, डीबीएस तपासणी (गुन्हेगारी नोंदींची पडताळणी) झाल्याचं युनिव्हर्सिटीचं पत्र, पावसाळी कोट (मैदानावरची ड्यूटी पहिल्याच दिवशी मिळू शकते), पाण्याची बाटली. फोन वर्गात काढायचा नाही, फोटो तर नाहीच. आणि डबा: बऱ्याच शाळा नट-फ्री असतात, कारण एखाद्या मुलाला शेंगदाण्याची तीव्र अॅलर्जी असते. तेव्हा कूट घातलेली भाजी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी हे सगळं शाळेचा नियम ऑफिसात विचारेपर्यंत घरीच खा.