रिपोर्टमध्ये काही निघालं तर नवऱ्याला काय सांगू?

"मावशी, मी 41 वर्षांची. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची टेस्ट करून घे म्हणून बहीण मागे लागलीये. मला त्रास काहीच नाही. त्या टेबलावर झोपायच्या विचारानेच अंगावर काटा येतो, दोनदा अपॉइंटमेंट घेऊन रद्द केली. आणि ज्या व्हायरसमुळे हा कॅन्सर होतो तो एचपीव्ही संबंधातून होतो म्हणे. तो निघाला तर नवरा काय समजेल?"

अगं, खरी भीती तू शेवटी लिहिलीस, मी तिथूनच सुरू करते. एचपीव्ही संबंधातून पसरतो हे खरंय, पण तो इतका कॉमन आहे की ज्यांचे शरीरसंबंध आलेत त्यातल्या बहुतेकांना, बाई असो की पुरुष, कधी ना कधी होतोच आणि बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला आपोआप घालवतं, पत्ताही लागत नाही. काहींच्यात मात्र तो वर्षानुवर्षं दबून राहतो. त्यामुळे आज रिपोर्टमध्ये निघाला तर तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. नवऱ्याकडूनच आलेला असू शकतो. त्या कागदावर तुझ्या वागणुकीबद्दल एक अक्षर नसतं. त्याने विचारलं तर हेच सांग, नाही पटलं तर डॉक्टरांसमोर बसव. आणि मुळात रिपोर्ट तुझा आहे, कुणाला दाखवायचा ते तू ठरवायचं.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असंही नाही, फक्त पुढे नीट बघायला हवं एवढंच.

त्रास नाही म्हणतेस ना, मग हीच वेळ आहे गं. इन्फेक्शनपासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात आणि मधल्या काळात पेशी बदलत असतात तेव्हा ना दुखतं ना रक्त जातं. तेव्हा सापडलं तर छोट्या उपचारात काम होतं, बहुतेक वेळा पिशवी काढावी लागत नाही. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं तर मात्र टेस्टची वाट न बघता सरळ डॉक्टरकडे जायचं.

लाजेबद्दल "डॉक्टरांसमोर कसली लाज" असलं काही मी म्हणणार नाही, ती वाटतेच. फोन करतानाच लेडी डॉक्टर मागून घे. वरचे कपडे अंगावर ठेवता येतात, खाली चादर मागायची. स्पेक्युलम, म्हणजे आतलं बघायला घालतात ते उपकरण, छोटं वापरा म्हणायचं, दुखलं तर थांबा म्हणायचं, तो तुझा हक्क आहे. दोन-चार मिनिटांचं काम असतं. आणि एचपीव्ही टेस्टसाठी सॅम्पल स्वतःच घेता येतं हे बऱ्याच जणींना कुणी सांगतच नाही, मला याचा फार राग येतो! बाथरूममध्ये जाऊन छोटा स्वॅब आत फिरवायचा, झालं, टेबलावर झोपायचंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेलाही हे मान्य आहे. मिळेल का ते आधी विचार. संघटनेच्या हिशोबाने तिशीनंतर दर 5 ते 10 वर्षांनी ही टेस्ट पुरते, म्हणजे सारखं सारखं जायचं नाहीये.

पाळीचे दिवस सोडून तारीख घे, आधी दोन दिवस संबंध नको, आत लावायची क्रीम नको. बहिणीला सोबत घेऊन जा, यावेळी फोन तिलाच करू दे.