लहान मुलं पहिला शब्द नेमका कसा शिकतात?
बोलायच्या खूप आधी त्यांना कळायला लागतं हो. ६ ते ९ महिन्यांचं बाळ 'बॉल कुठंय?' म्हटलं की मान वळवून बॉलकडे बघतं, तोंडाने मात्र नुसतं बाबाबा-दादादा चालू असतं आणि बाबा उगाच खूश होतात की मलाच हाक मारली. पहिला खरा शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो. बाळ ज्याच्याकडे बोट दाखवतं त्याचंच नाव तेव्हाच घेतलं तर ते पटकन डोक्यात बसतं, आपल्याला हवं ते रटवून घेण्यात फारसा अर्थ नाही. मग काही दिवस कुत्रा, मांजर, गाय सगळंच भूभू, ते नॉर्मल आहे. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कानही तपासून घ्या.